प्रार्थना करूनही मनाला विसावा का मिळत नाही?

आपण नियमाने प्रार्थना करता, उपासनेला जाता, पवित्र शास्त्र वाचता, आणि तरीही ज्याला ख्रिस्ताच्या ठायी मिळणारा विसावा म्हणतात तो आपल्या वाट्याला आलेला नाही, असे आपण लिहिले आहे. आपल्या विश्वासातच काही उणे आहे का, असेही आपण विचारले आहे. हा प्रश्न मी स्वतः कित्येक वर्षे उराशी बाळगला होता, म्हणून जे माझ्याबाबतीत घडले तेथूनच सुरुवात करतो.

माझे आणि माझ्या वडिलांचे एका गोष्टीवरून तीव्र भांडण झाले होते. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणे टाकले, आणि पुन्हा बोलण्यापूर्वीच ते गेले. पुढच्या काळात माझी भक्ती फार वाढली असे सगळ्यांना वाटे. मी एक वही ठेवली होती. तीत रोज किती वेळ प्रार्थना केली, किती अध्याय वाचले, कोणाला मदत केली हे लिहीत असे, आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून तो भरून काढीत असे. मन मात्र दिवसेंदिवस अधिकच थकत गेले. एकदा आमच्या मंडळीतील एका वृद्ध पाळकांना मी ती वही दाखवली. त्यांनी चार पाने उलटली आणि विचारले, “ही शेवटी कोणाला दाखवणार आहात?” मला उत्तर देता आले नाही. ती प्रार्थनेची वही नव्हती. वडिलांचे देणे फेडण्याचा तो हिशेब होता, आणि ज्यांना देणे होते ते हप्ते घ्यायला उरलेच नव्हते.

आपल्या बाबतीत असेच काही असेल, असे मी म्हणत नाही. परंतु प्रार्थना आणि वाचन करूनही जीव थकतो, तेव्हा त्या प्रार्थनेच्या तळाशी एखादा हिशेब चालू आहे का, हे आधी पाहावे असे मला मनापासून वाटते.

मत्तयाच्या अकराव्या अध्यायातील येशूचे आमंत्रण आपल्याला पाठ असेल: “अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हाला विसावा देईन.” हे शब्द धर्माकडे पाठ फिरवलेल्यांपुरते नाहीत. याच शुभवर्तमानात पुढे, तेविसाव्या अध्यायात, शास्त्री व परूशी, म्हणजे त्या काळचे यहूदी धर्मशिक्षक व कडक नियम पाळणारे लोक, जड ओझी बांधून माणसांच्या खांद्यांवर ठेवतात असे येशू म्हणतो. म्हणजे धर्म पाळता पाळता वाकलेली माणसेही त्याच्या डोळ्यांसमोर होती. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. अठ्ठाविसाव्या वचनात तो “विसावा देईन” म्हणतो, आणि लगेच पुढच्या वचनात, माझे जू आपणांवर घ्या, माझ्यापासून शिका, म्हणजे तुमच्या जिवास विसावा “मिळेल” असे म्हणतो. एक विसावा येताक्षणीच हाती ठेवला जातो आणि दुसरा त्याच्याबरोबर चालता चालता सापडत जातो, असे मी यावरून समजतो. तो जू काढून टाकतो असे तेथे म्हटलेलेच नाही. तो जू बदलतो. ते जू “सोयीचे” आहे असे आपण मराठीत वाचतो, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चांगले, ममताळू असाही होतो, आणि लूक ६:३५ मध्ये, कृतघ्न आणि दुष्ट यांच्याशीही देव कसा वागतो हे सांगताना तोच शब्द आला आहे.

विसावा ही श्रमाची मजुरी आहे, ही समजूत माझ्यात खोल रुजली होती, आणि ती शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेण्याच्या, आज्ञेने मोडली. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्य सहाव्या दिवशी निर्माण होतो. म्हणजे त्याने डोळे उघडून पाहिलेला पहिला पूर्ण दिवस विसाव्याचा होता. अजून त्याने काहीच केले नव्हते. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात या आज्ञेचे कारण वेगळे दिले आहे: तू मिसर देशात दास होतास आणि परमेश्वराने तुला तेथून बाहेर काढले, याची आठवण ठेव. दासाला स्वतःच्या इच्छेने थांबता येत नाही. थांबता येणे ही सुटका झाल्याची खूण आहे. माझी वही मी सुटका झालेल्या माणसासारखी लिहीत नव्हतो.

तरीही नुसते “हिशेब सोडून द्या” म्हटल्याने तो सुटत नाही, कारण दोष खरा असतो. वडिलांशी मी वाईट वागलो होतो, आणि “तसे काही नाही, मनाला लावून घेऊ नका” असे म्हणणाऱ्यांनी मला कधीच शांती दिली नाही. त्या पाळकांनी तसे म्हटले नाही. त्यांनी मला सगळे मोठ्याने सांगायला लावले, आणि मग योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील नववे वचन वाचले. आपण आपली पापे “पदरी घेतली”, तर देव “विश्वसनीय व न्यायी” आहे म्हणून क्षमा करील, असे ते वचन आहे. तेथे दयाळू हा शब्द येईल अशी माझी अपेक्षा होती, पण शब्द न्यायी असा आहे. ख्रिस्ताने वधस्तंभावर ते देणे खरोखर फेडले असेल, तर ते पुन्हा माझ्याकडून वसूल करणे अन्याय ठरेल. माझी क्षमा देवाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर टांगलेली नाही. माझा सगळा विसावा, तो जेवढा आहे तेवढा, याच एका गोष्टीवर उभा आहे. म्हणून आपल्यालाही सुचवतो की, एखादी गोष्ट वर्षानुवर्षे मनात असेल तर ती विश्वासू माणसापुढे उच्चारावी. मनातल्या मनात केलेला पापांगिकार खराच असतो, परंतु माझ्यासारख्याला क्षमेचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून कानांनी ऐकावे लागले.

त्या रात्री मला काहीही विशेष वाटले नाही. शांती म्हणजे शांत वाटणे, असे धरून चाललो असतो तर हेही फोल गेले असे समजून मी परत वही उघडली असती. “सर्व बुद्धिसामर्थ्यापलीकडे” असलेल्या शांतीविषयी पौलाने फिलिप्पैकरांस लिहिले ते बंदिवासातून, आणि ती शांती तुमची अंतःकरणे व विचार “राखील” असे तो म्हणतो. मूळ क्रियापद पहाऱ्यावरील शिपायांसाठी वापरले जाई. नगरावर पहारा आहे म्हणून बाहेरचा शत्रू नाहीसा होत नाही. स्वतः येशू वादळात नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला होता, आणि तोच गेथशेमाने बागेत अत्यंत व्याकूळ झाला. त्या रात्री त्याचा पित्यावरील भरवसा कमी होता असे आपण म्हणत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तरी ते प्रार्थना म्हणून शास्त्रात ठेवले गेले आहे. देवाच्या ठायी विसावेपर्यंत आमचे अंतःकरण अस्वस्थ असते, असे आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात लिहिणारा संत ऑगस्टीन इ.स. ३८६ मध्ये मिलान येथे ख्रिस्ताकडे वळला. पुढे बिशप झाल्यावर लिहिलेल्या त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात तो आपल्या तेव्हाच्या, चालू दुर्बलतांची कबुली देतो. त्यामुळे आपल्या अस्वस्थतेवरून आपला विश्वास उणा आहे असा निष्कर्ष काढू नये.

शरीराचेही एक म्हणणे असते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दोनदा उठवून खाऊ घातले, आणि होरेब डोंगरावरचा तो मंद, शांत वाणीचा प्रसंग त्यानंतर आला. आपली झोप अनेक आठवडे उडाली असेल, कशातच रस उरला नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर कृपया आजच डॉक्टरांना भेटावे आणि जवळच्या माणसाला सांगावे. यात अविश्वास मुळीच नाही.

आता काय करावे, या आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. आपण आधीच खूप करीत आहात, म्हणून मी त्यात भर घालणार नाही. काही दिवस मोजणे थांबवावे, आणि रात्री झोपण्यापूर्वी फक्त एकशे एकतिसावे स्तोत्र सावकाश, ऐकू येईल अशा आवाजात वाचावे. ते केवळ तीन वचनांचे आहे. त्यात दूध तुटलेले मूल आईजवळ असते तसा माझा जीव शांत आहे, असे म्हटले आहे. तान्हे मूल आईकडे दुधासाठी झेपावते. दूध तुटलेले मूल आता काही मागायला आलेले नसते, ते आई आहे म्हणून तिला टेकून बसते. मी पुष्कळ वर्षे देवाकडून शांती मागत होतो, आणि ती मिळाली की नाही हे तपासण्यात त्याच्याजवळ बसणे राहून जात होते. हल्ली ते स्तोत्र वाचून झाले की मी वडिलांचे नाव घेतो, त्यांच्याविषयी देवाचे आभार मानतो आणि दिवा मालवतो. काही रात्री झोप लागते, काही रात्री लागत नाही. पण वही उघडावीशी वाटत नाही.