वाचकांचे प्रश्न : नडगीवर आधी बोट ठेवून बघा

प्रश्न : आमच्या गावात सकाळी धावणाऱ्यांचा चौदा जणांचा क्लब आहे. पाच आठवड्यांनी नागपूरला हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटरची शर्यत) आहे. पांदणीत चिखल होता म्हणून आम्ही महिनाभर नव्या सिमेंट रस्त्यावर धावलो. याच महिन्यात आठवड्याचं अंतर २० किलोमीटरवरून ३५ वर नेलं. आता तिघांच्या नडग्या दुखतात. त्यातली १९ वर्षांची एक मुलगी तर एका जागी बोटही लावू देत नाही. बाम, शेक, क्रेप बँडेज सगळं करून झालं. शर्यतीपर्यंत हे तिघं तयार होतील का?
— एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : तिघांचं दुखणं एकच आहे असं धरू नका. खुर्चीवर बसवा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून, घोट्यापासून वर, अंगठ्यानं दाबत जा. चार-पाच बोटांच्या लांबीत सगळीकडे दुखत असेल, धावायला सुरुवात केल्यावर ठणकून अंग तापलं की कमी होत असेल, तर हाडावरचं आवरण आणि त्याला धरून असलेले स्नायू चिडले आहेत. याला शिन स्प्लिंट म्हणतात. पण रुपयाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, धावताना ती वाढतच जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका धरायची.

तुमच्या वर्णनावरून ती मुलगी दुसऱ्या प्रकारात बसते. तिचं धावणं आजपासून बंद. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच पळू देऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. दुखणं नडगीच्या पुढच्या धारेवर असेल तर जास्तच जपा, तिथली चीर लवकर भरत नाही. एरवी सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे ही शर्यत तिनं सोडायची. वाईट वाटेल, पण धावली तर चिरेचं पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकतं. क्लबातल्या एखाद्या ताईनं तिला पाळीबद्दलही विचारावं. सलग तीन महिने पाळी आली नसेल, तर जेवण मेहनतीला पुरत नाही आणि हाडं त्याची किंमत मोजतात. हेही डॉक्टरांना सांगायचंच. पहाटे उपाशी धावून अकरा वाजता जेवायची सवय मोडा. घरी आल्याबरोबर भाकर, वरण, दूध, जे असेल ते पोटात जाऊ द्या.

हे झालं कशानं? जुन्या भिंतीचा पोपडा आपण आधी खरवडतो, मग लिंपतो. हाडही वाढलेला भार सोसण्यासाठी आधी थकलेला भाग खरवडून काढतं. नवं भरायला त्याला काही आठवडे हवे असतात. भार वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच तुमचं अंतर जवळजवळ दुप्पट झालं. त्यात रस्ताही बदलला. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची असते.

बाकी दोघांचं दुखणं पहिल्या प्रकारातलं निघालं, तर त्यांना पूर्ण झोपवून ठेवायची गरज नाही. अंतर आठवड्याला १५ किलोमीटरवर आणा आणि एक दिवसाआड धावा. मधल्या दिवशी ४० मिनिटं सायकल चालवा. सीट एवढी उंच ठेवा की पायडल खाली गेल्यावर गुडघा जेमतेम वाकलेला राहील. धावताना ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा. ३९ येत असेल तर वेग तोच ठेवून ४१-४२ वर न्या. पाऊल आखूड पडतं आणि नडगीवरचा धक्का कमी होतो. पोटरीसाठी ओट्याच्या कडेवर एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करा, १५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. निम्म्या फेऱ्या गुडघा थोडा वाकवून करा, म्हणजे आतला स्नायू कामाला लागतो.

पांदण वाळली असेल तर तिकडे जा, पण उजाडल्यावर. बैलगाडीच्या चाकोऱ्या वाळल्या की दगडासारख्या होतात आणि अंधारात घोटा हमखास मुरगळतो. शाळेच्या मैदानावर राउंड मारत असाल तर दर दहा राउंडनंतर दिशा बदला. तीन आठवड्यांत दुखणं न वाढता एका वेळी सलग १४ किलोमीटर झाले तर दोघंही शर्यतीत उतरू शकतात, मात्र वेळेचा हिशोब न धरता. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्मं करा.

प्रश्न : सकाळी उठल्यावर पहिल्या पावलालाच टाचेत खिळा टोचल्यासारखं होतं, चार पावलं टाकली की कमी होतं. धावणं थांबवून महिना झाला, तरी फरक नाही. सध्या कापूस वेचणी सुरू आहे.
— एक वाचक ताई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, धावणं थांबलं, पण टाचेला विश्रांती कुठं मिळाली? दिवसभर वावरात उभं राहणं आणि झिजलेली चप्पल, दोन्ही चालूच आहेत. हा तळव्याच्या पट्ट्याचा त्रास आहे, प्लांटर फॅसायटिस. वेचणीला धावायचे बूट घालून जा आणि घरातही फरशीवर अनवाणी फिरू नका. अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं हातानं वर ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा.

खरा गुण पायरीवरच्या व्यायामानं येतो. टॉवेलची गुंडाळी बोटांखाली ठेवा, टाच पायरीबाहेर. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तूर भरून दहा वेळा, चार फेऱ्या. तीन महिने धरून करा. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही आठवडे बरं वाटतं, पण वारंवार घेतल्यास पट्टा तुटायची भीती असते.

प्रश्न : शर्यतीच्या सकाळी दुखण्याची गोळी घेतली तर चालेल का?
— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो. घामानं अंगातलं पाणी उतरलेलं असताना तो ताण धोक्याचा ठरतो. शिवाय दुखणं दबल्यामुळे कुठं थांबायचं ते कळत नाही. त्याऐवजी ओआरएस जवळ ठेवा, आणि पाकीट नीट वाचा. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, लहान २०० मिलिलिटरचं. मोठं पाकीट एका पेल्यात ढवळून पिणारे बरेच जण असतात. त्या घट्ट पाण्यानं पोट बिघडतं आणि तहानही वाढते. लांब अंतराच्या सरावातच ते दोन-तीनदा पिऊन बघा, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको.