जुनी पेट्रोल गाडी उभी असताना थरथरते, रेस दिली की ठीक होते. प्लग, एअर फिल्टर बदलून झाले. घरी काय तपासू?

आधी एक सांगतो, आता तिसरा पार्ट विकत आणू नका. मी हाच गाढवपणा केलाय. माझ्या गाडीला सेम दुखणं होतं, मी प्लग बदलले, मग एचटी लीड (प्लगपर्यंत करंट नेणाऱ्या जाड वायरी), मग कोणीतरी म्हणालं कॉइल असेल म्हणून कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवते ती), आणि शेवटी निघालं काय तर ब्रेक बूस्टरकडे (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणारा डबा) जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूने चिरलेला, वरून बघितलं तर एकदम ठणठणीत.

इंजिन चालू करून आधी आरपीएमचा काटा बघा. काटा स्थिर आहे आणि तरी गाडी थरथरतेय तर इंजिनच्या माउंटिंगचं रबर बसलेलं असू शकतं, मग इंजिन उघडून काही उपयोग नाही. काटा वरखाली नाचत असेल तर पुढे वाचा. आणि हे सगळं उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे "रेस दिली की ठीक". आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो, आत जोरदार व्हॅक्यूम असतो, तेव्हा पाइपाला बारीकशी चीर असली तरी तिथून येणारी फुकटची हवा एकूण हवेच्या मानाने बरीच होते आणि हवा-पेट्रोलचं मिक्श्चर पातळ होऊन मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) सुरू होतं, रेस दिल्यावर इतकी हवा आत जाते की त्या चिरेचा हिशोबच लागत नाही. म्हणून माझा पहिला संशय हवेच्या लीकवर. बोनट उघडा, कान द्या, फुस्स असा आवाज येतो का बघा. मग इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) जोडलेले बारीक रबरी पाइप एकेक करून फडक्यात धरून पक्कडीने हळूच दाबा. ज्याला दाबल्यावर आयडल सुधारतं त्याच्या पुढे कुठेतरी लीक आहे. ब्रेक दाबल्यावर आयडल जास्तच बदलत असेल तर बूस्टर आणि त्याचा पाइप बघा (माझं असंच सापडलं, तेही सिग्नलला उभा असताना). काही लोक गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारून लीक शोधतात, पण ते पेटतं, मी तरी सांगणार नाही.

लीक नसेल तर चारपैकी कोणता सिलिंडर काम करत नाहीये ते शोधायचं. इंजेक्शनवाली गाडी असेल तर आयडलवर एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारतो तो) कनेक्टर काढून लगेच परत लावा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन दचकतं, ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही तोच कामचुकार. चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका. चालू इंजिनवर एचटी लीड मात्र हाताने उपटू नका, झटका भयंकर बसतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा डबा) जातं ते वेगळंच. गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारा स्कॅनर मिळाला तर अजून सोपं, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३०२ दुसऱ्याचं, आणि पी०१७१ (मिक्श्चर पातळ) आला तर परत हवेच्या लीककडे किंवा पेट्रोलच्या प्रेशरकडे वळा.

सिलिंडर सापडला की इंजिन बंद करून त्याचा प्लग शेजारच्याशी बदला, प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर मग तीही. मिसिंग शेजारी गेलं तर चोर सापडला, पैसे न घालवता. नवीन प्लग पण खराब निघतात हं. काढलाच आहे तर बघून घ्या, फिकट तपकिरी म्हणजे ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट म्हणजे ऑइल आत येतंय.

मिसिंग त्याच सिलिंडरला चिकटून राहिलं तर इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. कॉम्प्रेशन गेज कोणाकडून मागून आणा, इंजेक्टरचे आणि कॉइलचे कनेक्टर काढून ठेवा, सगळे प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारा. आकडा गाडीप्रमाणे बदलतो, पण चारही जवळपास सारखे हवेत. एकच कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत बघा, वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह, शेजारचे दोन्ही कमी असतील तर हेड गॅसकेट. इथून पुढे मात्र मेकॅनिककडेच जा, पण जाताना आकडे कागदावर लिहून न्या, म्हणजे तो परत प्लगपासून सुरुवात करणार नाही.