मोजणी थांबली आणि झोप उडाली

साथीच्या काळात एक भीती वेगवेगळ्या तोंडून माझ्यापर्यंत येते: "आकडे देणं बंद केलं, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं. नाहीतर लपवतायत तरी."

२००९च्या स्वाइन फ्लूत एक गृहस्थ हीच भीती घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, तेव्हापासून ते मिळेल तो आकडा वहीत उतरवत. जुलैच्या मध्यावर संघटनेने देशोदेशींच्या रुग्णांचे तक्ते देणं थांबवलं आणि यांची झोप उडाली.

"वहीतून काय मिळायचं?"

"कळायचं तरी."

"काय कळायचं?"

ते बराच वेळ गप्प. मीही गप्प राहिलो. एवढ्या वर्षांत ते मला चांगलं जमू लागलंय. शेवटी म्हणाले, "मुलीला होणार नाही, हे."

गाठ इथेच होती. त्यांना आकडा छळत नव्हता, आकड्याकडे मागितलेली हमी छळत होती. माणसाला घटनेपेक्षा तिचा लावलेला अर्थ जास्त जाळतो, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय. पण नुसता धीर देऊन भागत नाही, माहितीही द्यावी लागते. (काही सहकाऱ्यांना हे पटत नाही.)

साथ पसरल्यावर प्रत्येक तापकऱ्याची चाचणी करत बसलं तर प्रयोगशाळा तुंबतात, गंभीर रुग्णांचे नमुने मागे पडतात. म्हणून ठरावीक दवाखाने आणि रुग्णालयं निवडतात. दर आठवड्याला ताप-खोकल्याचे किती आले, भरती किती झाले, तपासलेल्या नमुन्यांत फ्लू किती निघाला, विषाणू बदलतोय का, हे तिथून कळतं. शितावरून भाताची परीक्षा. साथ चढतेय की उतरतेय आणि कोणाला जड जातेय, हे समजायला तेवढं पुरतं.

"म्हणजे खरा आकडा आधीही नव्हताच?"

"नव्हता."

मला वाटलं, घाबरतील. उलट त्यांचे खांदे सैल झाले. (पुढे हे ठळक दिसलंच: त्या साथीत प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेले मृत्यू साडेअठरा हजारांच्या आसपास होते, तर २०१२मधला संशोधकांचा अंदाज दीड लाख ते पावणेसहा लाखांचा.)

तुम्हीही आकड्यांत अडकला असाल, तर आठवड्यातून एकदाच पाहा. कल बघा, बेरीज नको. लस उपलब्ध असेल तर डॉक्टरांशी बोला, आजारी असाल तर घरी थांबा, धाप लागली तर वाट पाहू नका.

पुढच्या भेटीत त्यांनी आकड्यांचं नावही काढलं नाही. मुलीला ताप आला तर कोणत्या लक्षणांवर धावायचं, एवढंच विचारलं. त्यासाठी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.