शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न : ‘फास्ट’ म्हणजे घट्ट की वेगवान?

प्रश्न : माझा भाचा मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या होडीवर काम करतो. गेल्या हंगामात तो होडी चालविण्याच्या एका प्रशिक्षणवर्गाला गेला होता. तेथे मिळालेल्या इंग्रजी पुस्तिकेत, होडी धक्क्याला लागल्यावर दोर ‘फास्ट’ करावा, असे वाक्य होते. त्याने ‘दोर झटपट बांधावा’ असा अर्थ घेतला, खुंटाला घाईने एकच फेरा मारला आणि तो चहा प्यायला गेला. भरतीच्या पाण्याने होडी सुटली आणि शेजारच्या होडीवर जाऊन आदळली. नुकसान फार झाले नाही, पण तांडेलाने त्याला सर्वांदेखत झापले. त्यावरून मला आमच्या कापडदुकानातला एक प्रसंग आठवला. लुगड्यावरचा ‘फास्ट कलर’ हा शिक्का पाहून एका गिऱ्हाइकाने विचारले होते, की हा रंग लवकर जाणार काय? ‘घट्ट’ आणि ‘वेगवान’ असे जवळजवळ विरुद्ध अर्थ एकाच विशेषणाला कसे मिळाले? की हे मुळात दोन शब्द आहेत?
— एक वाचक, मालवण

उत्तर : शब्द एकच आहे, आणि त्याचा जुना अर्थ तांडेलाच्या बाजूचा आहे. जुन्या इंग्रजीत या विशेषणाचा अर्थ ‘घट्ट बसलेले, न हलणारे, पक्के’ एवढाच होता. वेगाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्याची भावंडे शेजारच्या भाषांत अजून त्याच अर्थाने नांदत आहेत. जर्मनमध्ये ‘फेस्ट’ म्हणजे घट्ट, आणि बेटांच्या तुलनेत जी सलग मोठी भूमी तिला ते ‘फेस्टलँड’ म्हणतात. (जर्मनमध्ये उत्सवालाही ‘फेस्ट’ म्हणतात, पण तो लॅटिनमधून आलेला निराळा शब्द आहे, त्याची येथे गल्लत करू नये.) डच भाषेतील याच कुळातल्या शब्दाचा उच्चारही जवळपास आपल्या ‘फास्ट’सारखाच होतो. सतराव्या शतकात ज्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, ते डच खलाशी ‘घट्ट धर’ अशी आज्ञा देताना हाच शब्द वापरत असत. आणि इंग्रज खलाशांची ‘थांबव, पुरे’ या अर्थाची ‘अव्हास्ट’ ही आरोळी त्या डच आज्ञेवरूनच आली असावी, असे कोशकार मानतात. म्हणजे भाच्याच्या पुस्तिकेतले वाक्य दर्यावर्दी इंग्रजीतले आहे, आणि जहाजावरच्या भाषेत हा जुना अर्थ कधी सैल झालाच नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलात आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौलाचे जहाज माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागताना दोन समुद्रांच्या संगमाच्या जागी जमिनीवर चढते, त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, रुतते आणि ते जागचे हलेनासे होते. या रुतण्याला तेथे ‘स्टक फास्ट’ असे शब्द आहेत. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी वाळूत होडी बसली, की ती हलविण्यासाठी पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या ‘फास्ट’चा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही. त्याच बायबलात योना वादळातल्या जहाजाच्या तळाशी ‘फास्ट’ झोपलेला आहे. झोपेने त्याला घट्ट धरून ठेवले आहे, ज्याला आपण गाढ झोप म्हणतो. ज्यात सवलत नाही अशा नियमाला इंग्रजीत ‘हार्ड अँड फास्ट’ म्हणतात, तेही मुळात किनाऱ्यावर चढून पक्क्या बसलेल्या जहाजाचे वर्णन. विमानात पट्टा बांधण्याची जी सूचना देतात तिच्यातील ‘फासन’ हे क्रियापदही याच शब्दाचे, फक्त त्यातला ‘ट’ लिहिण्यात राहिला आणि उच्चारातून गेला. ‘शेमफेस्ड’ म्हणजे लाजरा, या शब्दाचे मूळ रूप ‘शेमफास्ट’ होते, म्हणजे विनयाने बांधलेला. पुढे लोकांना त्यात चेहरा दिसू लागला आणि शब्दाचे रूपच पालटले. एखादा शब्द जुना अर्थ जपत असला, तरी लोक त्याला निमूटपणे जपू देतातच असे नाही.

आता वेगाकडे वळू. वेगाचा अर्थ विशेषणाआधी क्रियाविशेषणात शिरला, आणि प्रश्नाची गाठ येथेच सुटते. ‘घट्ट धरणे’, ‘घट्ट बांधणे’ या प्रयोगांतला ‘फास्ट’ हा शब्द ‘ताकद लावून, नेटाने’ अशा अर्थाने इतर क्रियापदांनाही लागू लागला. नेटाने लढणे, नेटाने काम करणे, आणि मग नेटाने धावणे. नेटाने धावणारा अर्थात वेगाने धावतो. ऐकणाऱ्याने ताकदीऐवजी वेग ध्यानात ठेवला, की अर्थ सरकलाच. तेराव्या शतकाच्या सुमारास हे घडलेले दिसते.

यात इंग्रजीचा काही विशेष लहरीपणा नाही, कारण आपल्या ‘जोरात’ या शब्दाने नेमका हाच प्रवास केला आहे. ‘जोर’ हा फारसीतून आलेला शब्द, त्याचा अर्थ बळ. ‘दोर जोरात ओढ’ असे तांडेल म्हणतो तेव्हा त्याला बळ हवे असते. ‘होडी जोरात चालली आहे’ असे म्हणतो तेव्हा वेग अभिप्रेत असतो. आणि ‘वल्ही जोरात मार’ या आज्ञेत बळ कोठे संपते आणि वेग कोठे सुरू होतो, हे खुद्द वल्हे मारणाऱ्यालाही सांगता येणार नाही. अर्थ ज्या उंबऱ्यावरून पलीकडे गेला, तो उंबरा म्हणजे ही वल्ह्याची आज्ञा. इंग्रजीतले ‘हार्ड’ हे विशेषणही असेच वागते. मूळ अर्थ कठीण, पण पाऊस ‘हार्ड’ पडतो आणि माणूस ‘हार्ड’ धावतो.

दुसराही एक धागा येथे मिळाला असावा. ‘फास्ट’चा एक जुना अर्थ ‘अगदी लगत, चिकटून’ असाही होता. ‘फास्ट बाय’ म्हणजे लगत. कोणाच्या टाचेला टाच लावून पाठलाग करणारा माणूस एकाच वेळी चिकटूनही असतो आणि वेगातही असतो. मराठीत ‘लागणे’ या क्रियापदाकडे पाहावे : ‘घराला लागून’ म्हणजे शेजारी, पण ‘लागलीच’ म्हणजे तत्काळ, ‘लगत’ जागेचे, तर ‘लगेच’ काळाचे. हे शब्द आपण एका दिवसात दहादा वापरतो आणि त्यांच्यातले नाते कोणाला खटकत नाही. परक्या भाषेत तेच दिसले, की मात्र आपल्याला विरोधाभास वाटतो.

वेगवान या अर्थाचे विशेषण सोळाव्या शतकात रूढ झाले आणि त्यानंतर फांद्या भराभर फुटल्या. घड्याळ ‘फास्ट’ असणे म्हणजे ते भरभर चालते असेच नव्हे. कोणी मुद्दाम पाच मिनिटे पुढे लावून ठेवलेले, पण अगदी बरोबर गतीने चालणारे घड्याळही ‘फास्ट’च. आपण ‘घड्याळ पुढे आहे’ म्हणतो, ते अधिक नेमके आहे. मुंबईची ‘फास्ट’ लोकलही अशीच : तिचे वेगळेपण मुख्यतः मधली स्थानके गाळण्यात आहे. छायाचित्रकाराचे भिंग ‘फास्ट’ असते म्हणजे ते अधिक प्रकाश आत घेते, त्यामुळे कॅमेऱ्याची झडप कमी वेळ उघडी ठेवून भागते; भिंग स्वतः जागचे हलतही नाही. अठराव्या शतकात चैनीत व उधळेपणात आयुष्य घालवणाऱ्यांनाही हे विशेषण लागले. ‘ती मुलगी जरा फास्ट आहे’ हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतला शेरा त्याच अर्थाचा वारस आहे. तो मुलांच्या वाट्याला क्वचितच येतो, हा दोष मात्र शब्दाचा नाही.

राहता राहिला लुगड्याचा रंग. तेथे जुना अर्थच आहे : धाग्याला घट्ट धरून बसलेला, धुण्याने, घासण्याने किंवा उन्हाने न सुटणारा रंग. आपण त्याला ‘पक्का रंग’ म्हणतो. ‘पक्का’ हा शब्द संस्कृतातल्या ‘पक्व’वरून आला, म्हणजे तो मुळात शिजलेल्या अन्नाचा आणि पिकलेल्या आंब्याचा. तेथून तो रंगाकडे, रस्त्याकडे, बातमीकडे आणि शेवटी ‘पक्का बेरकी’ माणसाकडे कसा पोहोचला, हे इंग्रज वाचकाला समजावून सांगताना आपलीही तारांबळच उडेल. गिऱ्हाइकाची शंका दूर करायची असेल, तर शिक्क्याचा अर्थ सांगत बसण्यापेक्षा पदराच्या आतल्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके घासून दाखवावे.

प्रश्न : इंग्रजीत उपवासालाही ‘फास्ट’ म्हणतात. तो तरी वेगळा शब्द असावा ना? आणि ‘ब्रेकफास्ट’ हा शब्द कसा झाला?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : तोही त्याच कुळातला आहे. ‘घट्ट धरून राहणे’ यावरून ‘नियम पाळणे’ आणि त्यावरून ‘अन्न न घेण्याचा नियम पाळणे’ असा त्याचा क्रम आहे. गॉथिक या जुन्या भाषेत संबंधित क्रियापदाला राखणे, पाळणे आणि उपवास करणे असे अर्थ होते. जर्मनमध्येही घट्ट म्हणजे ‘फेस्ट’ आणि उपवास करणे म्हणजे ‘फास्टेन’. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये, कारण आपणही उपास ‘धरतो’. तुमच्या घरी कोणी सोळा सोमवार धरले असतील, कोणी एकादशी धरली असेल, आणि धाकट्या भावाने अबोला किंवा हट्ट धरला असेल. जे धरले ते सोडावे लागते, म्हणून आपण उपास ‘सोडतो’ आणि इंग्रज तो ‘मोडतो’.

‘ब्रेकफास्ट’ हा जोडशब्द पंधराव्या शतकातला, रात्रभरचा उपवास मोडणारे खाणे या अर्थाचा. फ्रेंचांचा ‘देझ्युने’ आणि स्पॅनिश लोकांचा ‘देसायुनो’ हेही उपवास सोडण्यावरूनच झालेले शब्द आहेत. मराठीत त्याला शब्दशः जुळणारा शब्द ‘न्याहारी’ नव्हे, तर ‘पारणे’ हा आहे. द्वादशीला आजी जे फेडते ते. इंग्रजांनी तो विधी रोजच्या सकाळवर आणला आणि रोजच्या वापराने शब्द इतका झिजला, की सुटा म्हटल्यावर लांब ऐकू येणारा ‘फास्ट’ या जोडशब्दाच्या शेवटी अगदी ऱ्हस्व, ‘ब्रेकफस्ट’ असा उरला.