बंद चिठ्ठी वाचणाऱ्या महाराजांकडे पुरावा कसा मागावा?

तुमचा प्रश्न असा: आत्या दर गुरुवारी कांदिवलीला एका महाराजांच्या दरबारात जाते, महाराज पाकीट न उघडता आतली चिठ्ठी वाचतात, आणि शंका काढली की घरचे म्हणतात, 'आधी अनुभव घे, मग बोल.' पुरावा मागणं योग्य आहे का, आणि मागायचा तर कसा?

योग्य आहे. आत्याची विठ्ठलावर श्रद्धा असेल तर त्यात तपासण्यासारखं काही नाही. 'मला बंद पाकिटातलं दिसतं' हा मात्र दावा आहे. तो खरा असतो किंवा खोटा, आणि जो करतो त्यानेच तो सिद्ध करायचा असतो. 'अनुभव घे' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. दरबारात कागद कोण देणार, पाकिटं कोण गोळा करणार, कोणत्या क्रमाने उघडणार, हे सगळं महाराजांची माणसं ठरवतात. अशा ठिकाणी शंभर वेळा जाऊन बसलात तरी तुम्हाला तेच दिसणार जे दाखवायचं ठरलेलं आहे.

चिठ्ठी वाचण्याची सगळ्यात जुनी युक्ती आधी समजून घ्या, कारण ती कळली की दरबारात नेमकं कुठे बघायचं ते कळतं. गोळा झालेल्या पाकिटांत एक आपल्याच माणसाचं असतं आणि ते गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं जातं. महाराज वरचं पाकीट कपाळाला लावतात आणि त्या आपल्या माणसाचा आधीच ठरलेला प्रश्न सांगतात. तो उठून हात जोडतो, डोळे पुसतो. 'बघू बरं' म्हणत महाराज हातातलं पाकीट फोडतात, चिठ्ठीवर नजर टाकतात, मान डोलावतात. ती चिठ्ठी असते तिसऱ्या रांगेतल्या एखाद्या बाईची. मग दुसरं पाकीट कपाळाला लागतं आणि सांगितला जातो तो नुकत्याच वाचलेल्या चिठ्ठीतला मजकूर. असं एक चिठ्ठी पुढे राहत शेवटपर्यंत जायचं. खूण एकच: मजकूर सांगून झाल्यावर पाकीट फोडलं जातं, पण चिठ्ठी तिथल्या तिथे मालकाच्या हातात पडत नाही. टोपलीत जाते, नाहीतर होमात. प्रत्येक पाकीट न फोडता मालकाला परत द्या आणि त्यालाच उघडू द्या, एवढी मागणी केली की ही युक्ती चालत नाही.

बाकीच्या वाटा छोट्या आहेत. पांढऱ्या पाकिटावर स्पिरिटचा बोळा फिरवला की कागद काही क्षण पारदर्शक होतो आणि वाळल्यावर सहसा डाग राहत नाही. मोबाइलच्या टॉर्चवर धरलं तरी पातळ पाकिटातलं दिसतं. लिहायला दिलेल्या पॅडच्या खालच्या कागदावर ठसा उमटतो. नावनोंदणीत नाव आणि फोन नंबर घेतला की उरलेलं फेसबुकवर मिळतं, आणि रांगेत शेजारी बसून गप्पा मारणारी 'भक्तीण' राहिलेलं काढून घेते. अंदाजाची वाक्यंही असतात. 'गावी जागेवरून भाऊबंदकीत वाद चालू आहे' हे मुंबईतल्या कोणत्याही कोकणी घराला सांगा, दहातली आठ घरं हो म्हणतील.

आता चाचणी. एकाला, त्याला 'अ' म्हणू, दुसऱ्या घरी बसवा. दरबाराशी किंवा महाराजांशी त्याचा काही संबंध नसावा. सूर्य, मासा, छत्री, कुलूप, झाड आणि होडी अशा सहा चित्रांना एक ते सहा क्रमांक द्या. प्रत्येक चित्राची बारा कार्डं एकाच कागदावर, एकाच आकारात छापून घ्या. बारा खाकी पाकिटांवर आधीच क्रमांक टाका. प्रत्येक पाकिटासाठी 'अ' ने लुडोचा फासा टाकायचा, जो आकडा येईल त्या चित्राचं कार्ड घेऊन ते स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये दोनदा गुंडाळायचं आणि पाकिटात घालून चिकटवायचं. झाकणाच्या सांध्यावर सही करायची आणि सहीवरून पारदर्शक टेप लावायची. मासा तीनदा आला तर येऊ द्या. इथेच बहुतेकांचा घोळ होतो: सारखं तेच येतंय म्हणून ते फासा पुन्हा टाकतात, आणि मग गणित उरत नाही. उत्तरांची यादी वेगळ्या बंद पाकिटात तिसऱ्या माणसाकडे द्यायची. 'अ' ने त्या दिवशी चाचणीच्या जागी फिरकायचंही नाही.

त्याला बाहेर ठेवण्याचं कारण बर्लिनच्या एका घोड्याने शिकवलं. हान्स नावाचा तो घोडा खूर आपटून बेरजा करायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडा चुकतो. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि घोडा ते हेरून थांबायचा. मालक फसवत नव्हता. तेव्हा उत्तर माहीत असलेला माणूस, तो कितीही प्रामाणिक असो, खोलीत नको. पाकिटं आणणारा 'ब' वेगळा, आणि त्याला काहीही माहीत नसावं.

महाराजांनी सांगितलेलं उत्तर पाकिटाच्या क्रमांकासमोर शाईने लिहायचं आणि बाराही झाल्यावर खाली त्यांची सही घ्यायची. पाकिटं त्यानंतरच फोडायची. दोन मोबाइलवर मध्ये न थांबवता चित्रीकरण करा, त्यातला एक कॅमेरा फक्त पाकिटांवर. नुसत्या नशिबाने बारापैकी साधारण दोन बरोबर येतात. पाच किंवा जास्त येण्याची शक्यता साडेतीन टक्क्यांच्या थोडी वर आहे, म्हणजे तीसेक लोकांची चाचणी घेतलीत तर एखादा नशिबावरच पाच गाठेल. सात किंवा जास्त हे सुमारे पावणेआठशेत एकदा घडतं. म्हणून सातची अट घाला. ज्याला खरंच दिसतं त्याला बाराही यायला हवीत, त्यामुळे सात ही सवलतच आहे.

महाराज म्हणाले की चित्र नको, अक्षरं आणि आकडेच दिसतात, तर आणखी सोपं. बेस्टच्या कंडक्टरने सुटे दिलेली दहाची नोट न बघता फॉइलमध्ये गुंडाळा. तिचा नंबर जगात कोणालाच माहीत नाही. शेवटचे तीन आकडे नशिबाने सांगता येण्याची शक्यता हजारात एक. बुद्धिवादी अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये श्रीलंकेत एक लाख रुपयांचं आव्हान दिलं, त्यातही सीलबंद नोटेचा नंबर वाचणं होतं. बक्षीस कोणी नेलं नाही.

चाचणीपेक्षा जास्त वेळ कराराला द्या. शक्ती नेमकी कोणती, किती अंतरावरून चालते, एका पाकिटाला किती वेळ लागतो, बारापैकी किती बरोबर येतील, हे महाराजांच्या तोंडून काढून कागदावर घ्या. समई, उदबत्ती, जप, त्यांची गादी, त्यांचा गुरुवार, जे मागतील ते द्या. ज्या मागणीतून माहिती फुटू शकते तेवढीच नाकारा. सुरुवातीला तीन उघडी कार्डं फॉइलमध्ये त्यांच्यासमोर गुंडाळा आणि विचारा, आज शक्ती चालते आहे का, आतलं दिसतंय का. हो म्हणाले की लिहून घ्या. 'या जागेची स्पंदनं बरी नव्हती' हे नंतर ऐकावं लागत नाही.

असं काम महाराष्ट्रात नीट झालेलं आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या आणि मूल कोणत्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून जे मिळालं असतं त्याच्या आसपास. सगळ्यात चांगला ज्योतिषी ४० पैकी २४ वर थांबला, आणि दखल घेण्याजोगी पातळी होती २८. ही पातळी निकालाच्या आधी ठरलेली असते, म्हणून त्या आकड्यांवर कोणाला पळवाट काढता येत नाही.

याच कारणासाठी माझं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या काही मित्रांशी जमत नाही. स्टेजवर पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन ओतून होम पेटवायचा, भाताच्या पेजेत मळलेली विभूतीची गोळी बोटांत चुरडायची आणि 'बघा, बाबांचं पितळ उघडं पाडलं' म्हणायचं, हे मला पटत नाही. लोकांना युक्त्या कळतात, ते हवंच. पण तेच तुम्ही युक्तीने करून दाखवलंत यातून समोरचाही युक्तीनेच करतो हे सिद्ध होत नाही, आणि तुमची आत्या हे वाक्य दोन मिनिटांत तुमच्या तोंडावर फेकेल. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला आणि ते मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना दिसलं. त्याच मूर्तीवर, त्याच दुधाने. पुरावा असा असतो. भर दरबारात उठून आव्हान देणंही मला चुकीचं वाटतं. महाराजांना ते टाळायला सोपं जातं आणि आत्याचा चारचौघांत अपमान होतो. करार घेऊन महाराजांना खाजगीत भेटा, आत्याला साक्षीदार करा, पाकिटांवरच्या सह्यासुद्धा तिला तपासू द्या.

दोन गोष्टी राहिल्या. महाराज सातच्या खाली आले तर तेवढंच म्हणा: या अटींवर हा दावा टिकला नाही. ते जाणूनबुजून फसवतात असं त्यावरून ठरत नाही, आणि तसं लिहून ऑनलाइन टाकलंत तर बदनामीची नोटीस तुमच्या घरी येईल. दुसरं, आत्याच्या गोळ्या किंवा इन्सुलिन त्यांच्या सांगण्यावरून बंद झालं असेल, किंवा चमत्काराच्या नावावर पैसे घेतले असतील, तर चाचणीचा हा सगळा खटाटोप बाजूला ठेवा. औषध आजच सुरू करून डॉक्टरांना गाठा. पैशांसाठी पोलिस ठाण्यात महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव घेऊन तक्रार लिहून द्या. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. तक्रारीला तारखा, रकमा आणि यूपीआयच्या नोंदी जोडा.