पबमध्ये बाळाला न्यायचं का? न्या, पण दुपारी

रेडिंगला नव्यानं आलेल्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. नवऱ्याच्या सहकाऱ्यानं येत्या रविवारी गावाबाहेरच्या एका पबमध्ये सगळ्यांना जेवायला बोलावलंय. घरात आठ महिन्यांचं बाळ, चार वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. मुलांना पबमध्ये नेणं कायद्यात बसतं का, लोक काय म्हणतील, आणि सासूबाईंना काय सांगायचं? माझी दोन्ही मुलं इथेच इंग्लंडमध्ये वाढली आणि वयानं मी मोठी आहे, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

जा गं. सगळे मिळून जा. नवीन देशात, तान्हं बाळ घेऊन, चार भिंतींत राहणाऱ्या किती मुली मी पाहिल्या आहेत. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, नवरा सहाला येतो, दिवसभर बोलायला माणूस नाही. अशात कुणी आपणहून बोलावलं आणि 'पब' या नावाला बिचकून नाही म्हटलं, तर दुसऱ्यांदा बोलावणं येईलच असं नाही. इथली माणसं सहसा घरी बोलवत नाहीत. ओळख वाढते ती पबमधल्या जेवणावर. बाळंतपणाआधीच्या वर्गात भेटलेल्या बायकाही पुढे बाळं घेऊन दुपारी पबमध्येच जमतात, कारण बाबागाडी लावायला जागा असते आणि तास-दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही.

आधी कायदा सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ चा परवाना कायदा लागू आहे. तो नोव्हेंबर २००५ पासून अमलात आला. मुख्यतः दारू विकणाऱ्या जागी सोळा वर्षांखालच्या मुलाबरोबर अठरा वर्षांवरचं माणूस हवं, एवढीच त्याची अट आहे. आईबाप सोबत असले की बाळालाही पबमध्ये जाता येतं. मात्र प्रत्येक पबच्या परवान्यात वेगळ्या अटी असू शकतात आणि मालकाला स्वतःचे नियमही करता येतात. 'संध्याकाळी सातनंतर मुलं नकोत' किंवा 'आमच्याकडे मुलं अजिबात नकोत' असं तो म्हणू शकतो, आणि ते बेकायदा नाही. २०१० च्या समानता कायद्यात सेवांच्या बाबतीत वयावरून भेदभावाला मनाई आहे, पण ते संरक्षण अठरा वर्षांखालच्यांना नाही. म्हणून आधी फोन करून विचारायचं. त्यात कमीपणा काहीच नाही, इथले आईबापही विचारतात.

ही मोकळीक तशी अलीकडची आहे. १९०८ च्या कायद्यानं चौदा वर्षांखालच्या मुलांना बारच्या खोलीत बंदी घातली आणि ती जवळजवळ शतकभर टिकली. माझ्या शेजारच्या आजोबांच्या पिढीतली मुलं बाहेर गाडीत किंवा मागच्या बागेत लेमोनेड आणि क्रिस्प्सचं पाकीट घेऊन आईबापांची वाट बघत बसायची. १९९५ पासून जेवण देणाऱ्या पबना मुलांसाठी वेगळं प्रमाणपत्र मिळायला लागलं. खरा फरक मात्र १ जुलै २००७ ला पडला, इंग्लंडमध्ये बंद सार्वजनिक जागेत धूम्रपानाला बंदी आली त्या दिवशी. त्याआधीच्या धुरात तुझ्या बाळाला ने असं मी कधीच म्हटलं नसतं. धूर आता बाहेर गेलाय, म्हणजे बागेत. उन्हाळ्यात बागेत बसणार असाल तर वारा कुठून येतोय आणि शेजारच्या टेबलावर कोण ओढतंय हे बघून जागा धर.

एडिंबरा-ग्लासगोच्या वाचकांसाठी: स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तिथे मुलांना घ्यायचं की नाही, कुठल्या भागात आणि किती वाजेपर्यंत, हे पबच्या परवान्यातच लिहिलेलं असतं. पाच वर्षांखालची मुलं घ्यायची तर बाळाचे कपडे बदलायची सोय असावीच लागते, तीही आई आणि बाबा दोघांना वापरता येईल अशी. इंग्लंडमध्ये ही सक्ती नाही, म्हणून जुन्या पबमध्ये ती सोय नसेलही. बदलायची चटई जवळ ठेव. आयर्लंडमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना पालकांसोबत रात्री नऊपर्यंत, आणि मे ते सप्टेंबर दहापर्यंत बसता येतं.

आता रविवारचं जेवण. बारा-साडेबारापासून साधारण चारपर्यंत 'संडे रोस्ट' मिळतं. टेबल आधी बुक करायचं आणि तेव्हाच हाय चेअर सांगून ठेवायची, कारण पबमध्ये त्या दोन-तीनच असतात. बऱ्याच ठिकाणी वेटर टेबलापाशी येत नाही. टेबलाचा नंबर बघायचा, काउंटरला जायचं, नंबर सांगून ऑर्डर द्यायची, पैसे तिथेच भरायचे. मुलीला काउंटरच्या उंच स्टुलावर बसवू नकोस, पुष्कळ पबना ते चालत नाही. सासऱ्यांना लाइम अँड सोडा सांग, सासूबाईंना चहा. दोन्ही सगळीकडे मिळतं. नळाचं पाणी फुकट मागता येतं. पेयांचे पैसे आळीपाळीनं भरायची पद्धत आहे, त्याला 'राउंड' म्हणतात. आपण पीत नसलो तरी एका फेरीचे पैसे आपण भरले की संबंध चांगले राहतात, हे नवऱ्याला सांगून ठेव.

ताट येतं तेव्हा नीट बघ. भाजलेलं मांस, बटाटे, गाजर, ब्रोकोली, फुगलेली यॉर्कशायर पुडिंग आणि वरून ग्रेव्ही. यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं असतं आणि पुष्कळदा ती गोमांसाच्या चरबीत भाजलेली असते. ग्रेव्हीही सहसा मांसाच्या रसाची. शाकाहारी रोस्ट मागितलं तरी त्यावर तीच ग्रेव्ही पडू शकते, म्हणून वेगळी आहे का ते विचार. चिप्स मासे तळलेल्या तेलातच तळतात का, तेही विचार. चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं त्यांना कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे प्रश्न विचारलेले कुणाला खटकत नाहीत.

बाळाच्या ताटलीत एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे, ती सांगते. आमच्या मंडळातल्या एका जोडप्याचं दहा महिन्यांचं बाळ हाय चेअरवर होतं. शेजारच्या प्रेमळ बाईंनी आपल्या ताटातला पार्सनिपचा (गाजरासारखं पांढरट कंदमूळ) मऊ, चकचकीत तुकडा त्याच्या हातात दिला. तो चकचकीतपणा मधाचा होता. इथे रोस्टमधले पार्सनिप आणि गाजरं अनेकदा मध लावून भाजतात, आणि वर्षाच्या आत बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, कारण त्यातून बोट्युलिझम या गंभीर आजाराचा धोका असतो. आईनं तुकडा तोंडात जायच्या आत काढून घेतला. तेव्हा 'हनी रोस्टेड' हे शब्द मेन्यूवर शोध. ग्रेव्ही बाळाला नको; वर्षाखालच्या बाळाला दिवसभरात एक ग्रॅमपेक्षा कमी मीठ चालतं आणि ग्रेव्ही चांगलीच खारट असते. नुसत्या उकडलेल्या भाज्या वेगळ्या मागितल्या तर देतात. चार वर्षांच्या मुलीचं सॉसेज उभं चिरून दे, गोल चकत्या घशात अडकतात. आणि काउंटरवरचे खारे शेंगदाणे तिच्या हाताला लागू देऊ नकोस. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, हा इथल्या आरोग्य सेवेचा स्पष्ट सल्ला आहे.

दूध गरम करायला जग भरून गरम पाणी मागितलं तर आणून देतात. अंगावर पाजत असशील तर जिथे बसली आहेस तिथेच पाज. आमच्यातल्याच एका मुलीला एका पबमध्ये 'जरा टॉयलेटमध्ये जाऊन पाजाल का' असं सांगितलं गेलं होतं. ती बिचारी उठून गेली. उठायची गरज नव्हती. बाळाला पाजते म्हणून तिथल्या लोकांनी बाईला हलवणं हा समानता कायद्याखाली भेदभाव ठरतो. असं कुणी म्हटलंच तर शांतपणे 'नाही, मी इथेच पाजणार' म्हण आणि मॅनेजरला बोलाव.

आता दारूबद्दल. हे नीट वाच आणि नवऱ्यालाही वाचायला दे. इथे कुणी आजोबा कौतुकानं बिअरच्या फेसात बोट बुडवून बाळाच्या ओठाला लावायला जातील. ठामपणे नाही म्हण. पाच वर्षांखालच्या मुलाला दारू देणं, औषधोपचाराचं कारण सोडलं तर, १९३३ च्या कायद्यानुसार इथे गुन्हा आहे. आपल्याकडेही सर्दीला ब्रँडीचा थेंब द्यायची पद्धत कित्येक घरांत होती, तेव्हा सासूबाईंनाही हे सांगायला हरकत नाही. मोठ्या मुलांसाठी इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २००९ मध्ये सांगितलंय की बालपण दारूविनाच असावं, निदान पंधरापर्यंत तरी. 'घोटभर चाखून बघू दे' हे मला मुळीच पटत नाही.

पाजणाऱ्या आईनं क्वचित एखादा ग्लास वाइन घेतली तर बाळाला त्रास होण्याची शक्यता कमी आहे. दर युनिटमागे (युनिट म्हणजे दारू मोजायचं इथलं माप) दोन-तीन तास थांबून पाजावं असा सल्ला आहे. पण आपल्या घरांसाठी याहून महत्त्वाचं म्हणजे झोप. आपण बाळाला कुशीत घेऊन झोपतो. ज्या दिवशी तुम्हा दोघांपैकी कुणीही प्यालंय, त्या रात्री बाळ तुमच्या अंथरुणात नको, त्याच्या कॉटमध्येच. थोडी घेतली असली तरी नको. सोफ्यावर त्याला छातीवर घेऊन डुलकी काढणं तर त्याहून धोक्याचं. अशानं झोपेत बाळ दगावण्याचा धोका खरोखर वाढतो. हे मी दर नव्या आईला सांगते आणि सांगत राहणार.

तुमच्यापैकी एकानं अजिबात प्यायचं नाही, हे घरून निघतानाच ठरवा. गाडी चालवायला म्हणून आणि मुलांसाठी म्हणूनही. सात वर्षांखालचं मूल ताब्यात असताना सार्वजनिक जागी किंवा पबमध्ये नशेत सापडणं हा १९०२ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि तो कायदा अजून जिवंत आहे. गडबडीत, दोन गाड्यांतून आल्यावर, मूल कुणाकडे आहे हेही आधी ठरलेलं हवं. २०१२ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांची आठ वर्षांची मुलगी बकिंगहॅमशायरमधल्या एका पबमध्ये मागे राहिली होती. प्रत्येकाला वाटलं ती दुसऱ्या गाडीत आहे. सुरक्षारक्षक सोबत असणाऱ्यांचं असं होतं, तर निघताना डोकी मोजणं आपणही शिकलेलं बरं.

मुलांना मोकळं सोडू नकोस. पबमध्ये मुलांची धावपळ कुणाला आवडत नाही, आणि इथले लोक तोंडावर बोलत नाहीत, फक्त बघतात. त्या बघण्याचा राग मानू नकोस, त्यात त्यांचंही बरोबर आहे. आठवडाभर राबून निवांत पेल्यासाठी आलेल्या माणसाला शांत कोपरा मिळायला हवा. स्वयंपाकघरातून तीन-तीन गरम ताटं हातावर तोलून येणाऱ्या पोरीच्या पायात मूल आलं तर दोघंही भाजतील. लाकडाची शेगडी पेटलेली असते आणि तिला जाळी असेलच असं नाही, म्हणून टेबल घेताना तिच्यापासून लांबचं घे. रेडिंगच्या आसपास बरेच पब थेम्सच्या किंवा कालव्याच्या काठावर आहेत आणि बागेतून पाण्याकडे कुंपण नसतं. तिथे मुलीचा हात मोठ्या माणसाच्या हातातच हवा. खडू, चित्रांची वही आणि एखादं छोटं कोडं घेऊन जा, अर्धा-पाऊण तास सहज निघतो. बहुतेक पबमध्ये कुत्रीही असतात. मुलीला आधी मालकाला विचारायला शिकव, मग हात लावू दे.

वेळेचं मात्र मी अजिबात ऐकणार नाही. दुपारी जायचं आणि पाचच्या आत उठायचं. शुक्रवारची रात्र, फुटबॉलचा मोठा सामना, सिक्स नेशन्स या रग्बी स्पर्धेचा शनिवार, हे दिवस बाळांचे नाहीत. आवाज चढतो, माणसं चढतात, बाळाची झोप मोडते. संध्याकाळी नऊ वाजता बाबागाडीत रडून थकलेलं मूल आणि बाजूला चौथा पेला भरणारे आईबाप, हे दृश्य मी पाहिलंय आणि ते पाहून मला वाईट वाटतं. तिथे पबचा दोष नाही. मूल कंटाळलं की जेवण अर्धवट असलं तरी बांधून घ्यायचं आणि निघायचं. यजमान समजून घेतात.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या डोळ्यांसमोर परमिट रूमचे काळे काचेचे दरवाजे किंवा पुण्यातले रात्रीचे पब असणार, त्यामुळे त्यांची काळजी खोटी नाही. त्यांच्यापासून लपवू नकोस, 'हॉटेलात जातोय' असं तर मुळीच सांगू नकोस. चार वर्षांची मुलगी रात्री व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या आत्याला सगळं सांगणार आहे. त्या पबचं संकेतस्थळ उघड, मुलांचा मेन्यू दाखव, बागेचे फोटो दाखव, आणि सांग की दुपारचं जेवण आहे, बाजूच्या टेबलांवर लोक पीत असतील, आपण काय घ्यायचं ते आपलं आपण ठरवू. 'मुलांना दारूची सवय होईल' असं त्या म्हणतील. माझ्या दोन्ही मुलांकडे बघून सांगते, मूल शिकतं ते आपल्या बापाकडे बघून. जेवणाबरोबर एक पेला घेऊन थांबणारा बाप बघितला तर तेच शिकतं, घरी दार लावून पिणारा बघितला तर तेही शिकतं.

तुझ्या सासूबाईंना यायचंच नसेल तर आग्रह करू नकोस, पण त्यांच्यासाठी तू थांबू नकोस. सासरे आले तर त्यांना खिडकीजवळची खुर्ची धर. टेबल बुक करताना माणसं पाच आणि शिवाय हाय चेअर असं न सांगता 'सहा, त्यातलं एक बाळ' असं सांग, नाहीतर जागा कमी पडते. यजमान किती जण आहेत ते विचारून त्यांची संख्या त्यात मिळव.