ट्रक ड्रायव्हिंगच्या ट्रेनिंगला जाताना सामान किती न्यावं आणि केबिनमध्ये ठेवावं कुठे?

सुटकेस घरीच राहू द्या. ट्रेनिंगमध्ये केबिन तुमची एकट्याची नसते, शिकवणाऱ्या ड्रायव्हरचं सामान आधीच तिथे असतं. मऊ कापडी बॅग घ्या, रिकामी झाली की घडी घालून बर्थखाली सरकवता येते. निघण्याआधी त्यांना सरळ विचारून घ्या, मला जागा किती मिळेल?

कपडे चार-पाच दिवसांपुरते. मळक्या कपड्यांना वेगळी पिशवी हवीच, बंद केबिनमध्ये घामाचा वास दोघांनाही झोपू देत नाही. अंथरूण-पांघरूण स्वतःचं.

पण खरी काळजी घ्यायची ती एकाच गोष्टीची: काहीही मोकळं ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, बर्थवर ठेवलेला थर्मास मात्र त्याच वेगाने पुढे येतो. आणि पाण्याची बाटली घरंगळत जाऊन ब्रेकच्या पेडलखाली अडकली, तर पेडल पूर्ण दाबलंच जात नाही. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून बाटली दाराच्या कप्प्यात, जादा बूट सीटच्या मागे. ड्रायव्हरच्या पायाशी काही म्हणजे काही नको. जड वस्तू खाली, वरच्या कप्प्यात फक्त कपडे.

लायसन्स, टॉर्च, हातमोजे, रोजची औषधं आणि चार्जर एका छोट्या पिशवीत हाताशी ठेवा, म्हणजे शेजारी माणूस झोपलेला असताना अख्खी बॅग उपसावी लागणार नाही. पिशवी खांद्याला अडकवता येईल अशीच घ्या, केबिनमधून चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात.